सरपंचाला कुत्रा न्हाय

शिवदासच्या हातात माईक आला की कृष्णाबाईच्या कपाळाला आठी पडायची. दीर तिचा. त्याला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून ती त्याला ओळखत होती. आता सरपंच झाला म्हणून काय त्याला ओवाळायचं?

त्या ग्रामसभेत त्यानं ठराव मांडला. पाळलेल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराची नसबंदी मालकानं करून घ्यायची, नाहीतर दंड. ज्याला मालक नाही ते जनावर गाडी नसबंदीला उचलून नेणार. मांडव्याला बोटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना म्हणे किनाऱ्यावर कुत्री खपत नाहीत. ठराव वाईट नव्हता. दर वर्षी गटारात मेलेली पिल्लं कृष्णाबाईच उचलून पुरायची. ठराव चांगला, मांडणारा फुसका, एवढंच तिचं म्हणणं.

"मंग सुरुवात तुमच्या घरापासून करा," मागून मैना म्हणाली. बाजारात मासळी विकून तिचा आवाज असा झाला होता की तिला माईक लागत नसे. "तुमचा ढाण्या पहिला न्या."

सभा हसली आणि शिवदासचं तोंड उतरलं. ढाण्या म्हणजे त्याची मिजास. माझ्या कुत्र्यासारखा मर्द गडी पंचक्रोशीत नाही, असं नाक्यावर सांगत फिरायचा, जसं काही ते ह्याचंच कर्तृत्व. आता त्याच ढाण्याला खच्ची केलं तर नाक्यावरची टाळकी कोणाला हसतील, ते त्याला बरोबर कळलं.

"माझ्याकडं कुत्रा न्हाय," तो म्हणाला. "ढाण्या असाच येतो. बेवारशी हाय तो. भाऊसाहेब, लिहून घ्या."

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मुकाट लिहिलं. शिवदासनं खाली सही ठोकली. आणि ढाण्या कुठं होता त्या वेळी? टेबलाखाली, ह्याच शहाण्याच्या चपलांवर मान टाकून झोपला होता. सगळ्यांना दिसत होता आणि सगळे मूग गिळून बसले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

मंगळवारी गाडी यायची होती. शेजारच्या गावातली कुत्री ह्या गाडीवाल्यांनी परत आणताना भलत्याच गावात सोडली होती, त्यातली निम्मी पुन्हा कोणाला दिसली नाहीत. ढाण्या शिवदासचा खरा, पण नवरा गेल्यापासून खळ्यावर वाळत घातलेले कृष्णाबाईचे बोंबील तोच राखत होता. आणि बोंबील राहू देत, पण दिवसभर तिच्याशी बोलायला दुसरं होतं कोण?

त्या दिवशी ती सकाळीच शिवदासच्या ओट्यावर गेली. "शिवदास, नुसतं माजा म्हन. बाकी सगलं मी करते."

शिवदासनं चहा फुर्रकन ओढला. "वयनी, सभेत बोललो ते बोललो. मला इज्जत हाय."

"असती तर दिसली असती," ती म्हणाली.

तेवढ्यात गाडी आली. जाळं बघून ढाण्या थरथरत शिवदासच्या पायांशी जाऊन दडला. शिवदासनं पाय काढून घेतला. भर गावात, गुमान, पाय काढून घेतला. तो पाय कृष्णाबाई मरेपर्यंत विसरणार नव्हती.

"जालं सोडा," ती पुढं होत म्हणाली. "माजा कुत्रा हाय. माजं नाव लिवा."

रिक्षा करून तिनं त्याला स्वतः डॉक्टरकडे नेलं, तिथंच बसून राहिली आणि स्वतःच्या नावानं नसबंदीचा दाखला घेऊन आली. दहा-बारा दिवसांत ढाण्या पुन्हा कावळ्यांवर धावायला लागला.

महिन्याभरानं तालुक्याचे साहेब ठरावाचं काम बघायला पंचायतीत आले. शिवदास कडक इस्त्रीत उभा. त्यानं शीळ घातली आणि तो खुळा ढाण्या शेपूट हलवत धावत आला.

"हा आमचा ढाण्या, साहेब. सुरुवात घरापासून केली," शिवदास म्हणाला आणि फोटोसाठी त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसला.

कृष्णाबाई पदराला हात पुसत खळ्यावरून तशीच आली. "साहेब, सरपंचाला कुत्रा न्हाय. सभेच्या वहीत लिवलंय, खाली त्याची सही हाय." तिनं दाखला टेबलावर ठेवला.

भाऊसाहेबांनी ह्या वेळी मूग गिळले नाहीत. वही उघडून त्यांनी सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. मैना फिसकन हसली.

साहेबांनी चष्मा काढला. "सरपंच, तुम्ही जरा बाजूला व्हा. बाईंचा फोटो घेऊ."

शिवदास बाजूला झाला. ढाण्या तरीही त्याच्याच मागं निघाला. कृष्णाबाईनं वाकून त्याचा पट्टा धरला.

"चल रं," ती म्हणाली. "परक्या मानसाच्या पायात येऊ नये."