ओसरीवरचं पान

माझा सैपाक वाईट असतो असं आजवर कुनी म्हनलेलं न्हाई. तरी त्या दिवाळीत दोन दिवस मला माझ्याच सैपाकघरात पाय ठेवायची बंदी झाली. बंदी घातली कुनी, तर आमच्या मालकांनीच.

मालक मामलेदार. बदली तिकडं खानदेशात, रजा काढून मळवलीला घरी आलेले. पुन्याच्या कॉलेजातनं बी.ए. झाले त्याला पंचवीस वर्सं होत होती, म्हनून त्यांच्या वर्गातल्या मंडळींनी एकदा जमायचं ठरवलं. वर्सभर पत्रं चाललेली. कुनी म्हने पुन्यात जमू, कुनी म्हने मुंबैत. पर मालकांनी हट्टच धरला. माझ्या घरी या, ठेसन जवळ हाय, जेवू, मग भाज्याची लेनी बघू. शेवटी समदे कबूल झाले.

हा हट्ट कशापायी ते मला ठावं होतं. लगीन झाल्यावर त्यांनी एकदा हसत हसत सांगितलेलं. कॉलेजात पोरांनी मिळून जेवनाचा क्लब चालवलेला. समदी बामनांची पोरं, मराठ्याचे हे एकटेच. पैसं बरोबरीचं द्यायचे, पर पंगत आत आन् ह्यांचं पान भाईर ओसरीवर. जेवून झालं की आपलं पान आपनच उचलायचं, शेन आनून जागा सारवायची, मग अभ्यासाला जायचं. समदी वर्सं असंच. मी विचारलं, वाईट न्हाई वाटलं? तर म्हनले, सवय होते गं. तवापास्नं माझ्या मनात ते सलत होतं. आता तीच मानसं आमच्या घरी जेवायला येनार, आन् मला बघायचं होतं ते एवढंच, की मालक पंगतीत बसत्यात का न्हाई.

लोनावळ्यासनं बामन आचारी आला. नवी चूल घातली. भांडी चिंचेनं घासून विस्तवावरनं काढली. पानी भरायला बी त्याचाच मानूस. आमच्या शेतातला आंबेमोहर त्यानं हाताळायचा आन् मी दारात उभं ऱ्हाऊन वास घ्यायचा! घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं, दुसरं काय. पर ते मी चालवून घेतलं. मालकांना म्हनले, पावन्यांनी खुशाल त्याच्या हातचं खावं, मला त्याचं काई न्हाई. तुमी कुटं बसनार तेवढं सांगा. तर हे म्हनले, बघू, आन् गोठ्याकडं निघून गेले. मामलेदार मानूस बघू म्हनला की काम व्हत न्हाई, हे अख्ख्या तालुक्याला ठावं.

दुपारच्या गाडीनं मंडळी आली, दहाबारा जन. त्यात दोघं माझ्या नजरंत भरले. एक खांबेटे वकील. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. समद्या जातींनी एका पंगतीत जेवावं म्हनून गावोगाव भाषनं करनारे, पेपरात नाव येनारे. दुसरे आगाशे, संस्कृत शिकवायचे. वाळकी काठी. आल्याआल्या हिरीवर जाऊन आंघोळ केली आन् सोवळं नेसले. मी मनात म्हनले, ह्या वकिलाच्या तोंडून आज काम व्हईल, आन् ही वाळकी काठी खोडा घालील.

मालक त्यांच्यापुढं पुनेरी बोलत होते, आहे-नाही करत. मित्र त्यांना म्हैप्या म्हनत होते. मालक बी हसत होते, पर हात सारखे उपरन्याला पुसत होते.

दाराआडनं बघितलं. सोप्यात समोरासमोर दोन रांगा, पाट, केळीची पानं, रांगोळी, उदबत्त्या. आन् उंबऱ्याच्या पल्याड, ओसरीवर, एक पान एकटंच.

आचाऱ्याला विचारलं, हे कुनी मांडलं? तो म्हनला, रावसाहेबांनीच सांगितलं.

मालकांना मागच्या दारी गाठलं. म्हनले, ते पान आत घ्या. ते हळूच बोलले, "झुंबर, आचारी वाढायचा न्हाई. आगाशे उठून जाईल. वर्सभर धडपड केली, आजचा दिस नासवू नको. मला सवय हाय."

"तुमी हाक मारली की तालुका उभा ऱ्हातो," मी म्हनले, "आन् आपल्याच घरात भाईर बसनार?"

त्यांनी हात जोडले. मला, बायकोला. मी माघारी फिरून दाराआड उभी ऱ्हायले.

मंडळी बसली. मालक ओसरीवर बसले आन् मोठ्यानं म्हनले, माझी जुनी जागा! समदे हसले. कुनीतरी आत ये म्हनंल म्हनून मी वाट बघत होते. वकिलाकडं तर डोळं लावून होते. वकील म्हनले, महिपत अजून तसाच साधा आहे बघा, आन् तुपाच्या वाटीकडं बघाय लागले.

मग माझं डोकं फिरलं. पदर घट्ट केला आन् परक्या पुरुषांच्या पंगतीतनं सरळ ओसरीवर गेले. मालकांपुढचं पान उचललं, मीठ-लिंबासकट, आन् आत रांगेच्या मधोमध आनून ठेवलं.

आचाऱ्यानं भाताचं भांडं खाली ठेवलं. मालकांची मान खाली, कान लाल. मला वाटलं, आता हे जलमभर माझ्याशी बोलायचे न्हाईत.

वकील घसा खाकरून म्हनले, वहिनी, त्याच्याच मनात तिथं बसायचं आहे, आपण कशाला आग्रह करायचा? बोलाचीच कढी आन् बोलाचाच भात! मी त्यांच्याकडं बघितलं बी न्हाई.

"हे घर त्यांचं हाय," मी म्हनले. "मालक भाईर बसनार असतील तर आत कुनीच बसायचं न्हाई."

आगाशे उठले. मी म्हनले, झालं, नासला दिस. मालकांनी डोळं मिटले. पर आगाशांनी वाकून आपलं पान उचललं.

"एका पंगतीत जेवणं मला जमत नाही, जमणारही नाही," ते म्हनले. "पण अडचण माझी आहे, महिपतची नाही. तेव्हा बाहेर मी बसायला हवं. हे कॉलेजातच सुचायला हवं होतं."

ओसरीवर जाऊन त्यांनी पान मांडलं. मालकांना म्हनले, ऊठ, आत जा. आचाऱ्याला म्हनले, वाढा, भात निवतोय. मग आचारी कुनाकडं बघनार? वाढाय लागला.

मालक आत येऊन बसले. जेवले थोडंच. वकील मातुर पोटभर जेवले. हळूहळू बोलनं सुरू झालं, जुन्या मास्तरांच्या नकला झाल्या, कुनीतरी मालकांच्या पाठीवर थाप मारली. माझा जीव भांड्यात पडला. मी पानसुपारीचं ताट करायला आत वळले.

ताट घेऊन सोप्यात आले. मंडळी हात धुवून, वल्ल्या हातांनी दारात उभी. आन् आमचे मालक, मामलेदार, एवढा थोरला मानूस, गोठ्यातनं शेनाचा गोळा आनून, आपलं पान बाजूला गुंडाळून ठेवून, बसल्या जागी उकिडवं बसून सारवत होते. पंगतीतली बाकी समदी पानं तशीच पडलेली. जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई म्हनत्यात, पर ही खोड त्यांची नव्हती, त्यांना लावलेली होती.

ताट खाली ठेवून मी त्यांचं मनगट धरलं.

"अवं, कुनी सांगितलं तुमाला हे?"

त्यांनी आपल्या हाताकडं बघितलं. मग दारातल्या मानसांकडं, एकेकाच्या तोंडाकडं.

"कुनीच न्हाई," ते म्हनले. त्या समद्यांच्या देखत, आपल्या बोलीत.

आन् ते रडाय लागले. वकिलानं मान फिरवली. मी तांब्या आनला आन् तिथंच बसून त्यांचा हात धुतला.