शकुची टेस्ट आणि अडलेला बोल्ट

"सुटला का हो?" शकुने दुपारपासून कितव्यांदा तरी विचारलं.

गाडीखालून सीतारामचे फक्त पाय दिसत होते. तिथूनच आवाज आला, "शिरा पडली त्या बोल्टार! तुका काय करूचा आसा गो त्याचा?"

करायचं होतंच ना! उद्या सकाळी आरटीओत शकुची ड्रायव्हिंगची टेस्ट. ज्या गाडीवर ती शिकली ती गाडी पुढचं चाक काढून भांडुपच्या या गॅरेजमध्ये लोखंडी घोडीवर बसलेली. लर्निंग लायसन्सची मुदत या आठवड्यात संपत होती, म्हणजे उद्याची टेस्ट हुकली की सगळं पहिल्यापासून. आणि यातलं एक अक्षरही गाडीखालच्या माणसाला सांगायची सोय नव्हती, कारण तो तिचा नवरा.

आता नवरा मेस्त्री, गॅरेज घराच्या खालीच, आणि बायको गाडी शिकायला चोरून परक्याकडे जाते, हे ऐकायलाही कसं वाटतं! पण त्याला कारण होतं. लग्नानंतर काही वर्षांनी तिने हौसेने सीतारामला म्हटलं, मला शिकवा ना. त्याने तिला एका गिऱ्हाइकाच्या गाडीत बसवलं. बाईसाहेबांनी पहिल्याऐवजी रिव्हर्स टाकला आणि गाडी धाडकन शटरच्या कोपऱ्यावर. सीताराम भडकला, सगळी गल्ली जमली, आणि सगळ्यांसमोर तो ओरडला, "उतर! तुझ्या हातात लाटणंच बरं!" शटरचा तो कोपरा त्याने कधी सरळ केला नाही. नवं गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडे बोट दाखवून तो ही गोष्ट सांगायचा. गिऱ्हाईक हसायचं, शकुही हसायची, आणि आतून जळून खाक व्हायची.

यंदा पोरगी लग्न होऊन सासरी गेली आणि शकुला जरा वेळ मिळाला. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय असं घरी ठोकून दिलं आणि ती रोज सकाळी नंदकुमारच्या ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागली. स्कूल कसलं, एक माणूस आणि एक गाडी. शकु बुटकी, सीटवर बसली की पुढचं बॉनेटच दिसेना. मग तिने सीतारामची जुनी चौकड्याची लुंगी फाडून एक जाड उशी शिवली. ती उशी गाडीतच मागच्या सीटवर पडलेली असायची. लायसन्स हातात आलं की त्याच्या नाकासमोर नाचवायचं, तोवर चकार शब्द काढायचा नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं.

आणि नेमकं गेल्या आठवड्यात डाव्या चाकाकडून खडखड यायला लागली. मेस्त्रीची बायको ती, तिनेच नंदकुमारला सांगितलं, लोअर आर्म गेलाय म्हणून. चाकाला धरून ठेवणारा तो लोखंडी हात. आणि सीतारामसारखा मेस्त्री अख्ख्या भांडुपात नाही, हेही तीच त्याला महिनाभर ऐकवत आलेली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. नंदकुमार गाडी घेऊन थेट इथेच. तिने आधी त्याला गप्प राहायची शपथ घातली, मग सीतारामचा डोळा चुकवून मागच्या सीटवर पाहिलं. उशी नव्हती. नंदकुमारने काढून ठेवली असणार, तेवढा शहाणा आहे, असं म्हणून ती निर्धास्त झाली.

पण बोल्ट काही ऐकेना. गाडी आधी गोराईला होती, समुद्राच्या खाऱ्या हवेत. लोअर आर्मच्या रबरात लोखंडी नळी असते आणि तिच्यातून बोल्ट जातो. तो गंजून त्या नळीलाच चिकटलेला. पाना लावून फिरवला की रबर पीळ घेई आणि पाना सोडला की बोल्ट पुन्हा जागच्या जागी. सीतारामने काल संध्याकाळी तेल सोडलं, आज सकाळी पुन्हा सोडलं. दुपारी पान्याला लांब पाइप लावून जोर केला. बोल्ट ढिम्म.

संध्याकाळी नंदकुमार आला. शकुकडे बघायचं टाळत म्हणाला, "मेस्त्री, चालवून घ्या ना. चाक लावा आणि द्या तशीच. उद्या माझी टेस्ट आहे... म्हणजे, एका स्टुडंटची. परवा परत आणून सोडतो."

"नाय."

"अहो, एका दिवसाचा तर प्रश्न."

"देऊन टाका ना हो," शकु मध्ये पडली. "बिचाऱ्याचं काम अडलंय."

सीताराम सरपटत बाहेर आला. तोंडावर गंज पडलेला, डोळे लाल. त्याने आधी बायकोकडे बघितलं, मग नंदकुमारकडे. "ह्या गाडीत शिकाऊ माणूस बसतं. रस्त्यात आर्म निखळला तर चाक आडवं होणार. तू ब्रेक दाबेपर्यंत शिकाऊ माणूस काय करेल? स्टेअरिंग सोडून डोळे मिटून घेईल! बोल्ट निघाल्याशिवाय गाडी इथनं हलायची नाय."

नंदकुमार मान खाली घालून गेला. शकुचं डोकं फिरलं. हेकट मेलो! जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाही, आता ऐकेल? तिला रडू यायला लागलं, म्हणून ती जिन्याकडे वळली.

"शकु, थांब. हाताखालचा विकी गावाला गेलाय, दुसरा माणूस नाही. आत बस आणि स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवून धर. मला हात घालायला जागा होईल."

ती रागारागाने आत बसली. बसल्या बसल्या हात आपोआप वर गेला आणि आरसा नीट केला. मग पट्टा ओढला, आणि तो लावता लावता तिला शुद्ध आली. तिने पट्टा हळूच सोडून दिला. सीताराम खालीच होता, देवाची कृपा. तिने स्टेअरिंग उजवीकडे फिरवून घट्ट धरलं.

गॅसची ज्योत भुरभुरली आणि रबर जळल्याचा घाण वास आला. मग हातोडा. बोल्टच्या तोंडावर नट अर्धा चढवून, आटे बिघडू नयेत म्हणून, तो नटावरच घाव घालत होता. प्रत्येक घावाला स्टेअरिंग तिच्या तळहातात थरथरायचं. थोडं थांबून पुन्हा ज्योत, पुन्हा हातोडा. शकुच्या मनगटांना कळ लागली, पण तिने स्टेअरिंग सोडलं नाही. निघ रे बाबा, निघ, ती त्या बोल्टाला विनवत होती.

एकदम काड्कन आवाज झाला.

"इलो! इलो गो इलो!" सीताराम खालून ओरडला. काळाकुट्ट गंजलेला बोल्ट त्याने सांडशीत धरून तिला दाखवला, जणू मोठी सुरमई गळाला लागली होती.

नवा आर्म बसायला मग फारसा वेळ लागला नाही. चाक लावून त्याने गाडी खाली टेकवली आणि मगच तो बोल्ट शेवटचा आवळला. हवेत आवळला तर रबर पिळवटून बसतं आणि चार महिन्यांत परत बोंब. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, कपाटावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि शकुच्या हातात दिलं.

"हे घे. नाहीतर उद्या बॉनेट दिसायचं नाही तुला."

शकुने कागद सोडला. चौकड्याची उशी. तेलाचा एक डाग नाही.

तिने उशी उलटून बघितली. "कधी कळलं?"

"गाडी इली त्याच दिवशी. माझी लुंगी मी वळखूचंय नाय?"

"मग बोललात का नाही?"

"बोललो असतो तर तू म्हटलं असतंस, द्या तशीच. आणि मी दिली असती." तो शटरच्या वाकड्या कोपऱ्याकडे बघत राहिला. "तेव्हा मी लोकांसमोर बोललो, ते बोलूक नको होतं. चल, एक फेरी मार. आवाज येतो का बघूया."

आणि तो डावीकडे जाऊन बसला. शकुने उशी ठेवली, आरसा नीट केला, पट्टा लावला. डोळे भरून आले होते, ते पदराने पुसले. पहिला गिअर टाकला आणि गाडी हळूहळू शटरकडे निघाली. सीतारामने दाराच्या वरची मूठ घट्ट पकडली आणि मान वाकडी करून कोपरा किती अंतरावर आहे ते बघायला लागला.

"तिकडे बघू नका," शकु म्हणाली. "समोर बघा."

सीताराम समोर बघायला लागला.