डावीकडचं दूध

पूर्णेत स्टेशनामागच्या गल्लीत सुनैना राहायला आली त्याला तीन वर्षं झाली. नवरा रेल्वेत ट्रॅकमन, माहेर आणि सासर दोन्ही बिहारात. मराठी तिला शिकवली ती शेजारच्या त्रिवेणीनं. त्रिवेणी किराणा दुकानवाल्या महालिंगअप्पांची सून, घर पक्कं शाकाहारी, पण दोघींचं असं मेतकूट जमलं की मधल्या भिंतीला दार पाडायचंच काय ते बाकी होतं.

त्रिवेणीला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. सिझर, त्यावर ताप. दूध काही उतरेना आणि बाळ बाटली तोंडात धरेना. तेव्हा सासूबाई, नागुबाई, स्वतः सुनैनाच्या पुढच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मासळी तेवढी सोड बाई, आन् माझ्या नातवाला पाज."

सुनैनानं मासळी सोडली. तिची स्वतःची पोर सात महिन्यांची. उजवी बाजू पोरीची, डावी त्रिवेणीच्या बाळाची, अशी तिनं सरळ वाटणीच केली. पोरीला कमी पडलं की भाताच्या पेजेवर भागवायचं. जीव तुटायचा, पण बोलली नाही. कारण तापात त्रिवेणी तिचा हात धरून म्हणाली होती, "दीदी, बारशाला पाळण्याखालून बाळ तूच घ्यायचं. समद्यांना सांगणार हाय मी, ही ह्याची दुसरी आई."

ताप हटेना म्हणून बारसं एकविसाव्या दिवशी ठरलं. सुनैनानं लग्नातली पिवळी साडी इस्त्री करून ठेवली. सकाळी त्रिवेणीकडे सोनपेठचे पाहुणे उतरले, दारात चपलांचा ढीग झाला, पण बोलावणं येईना. दुपारी सुनैनाच्या मागच्या दाराची कडी वाजली.

"लेकरू लय रडायलंय," नागुबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "ये, पण मागून ये. मासळी खाणारीचं दूध पाजलं म्हणून कळलं तर पाव्हणे तोंडात शेण घालतील."

नाही म्हणायचं तिच्या ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून बाळाचं रडणं आलं, तिला पान्हा फुटला आणि पिवळी साडी भिजली. आपलंच अंग फितूर झालं तर माणसानं कुणावर रागवायचं?

त्रिवेणीच्या घरात मागून शिरून, कोठीत गव्हाच्या पोत्यावर बसून तिनं बाळाला घेतलं. बाहेर सोनपेठच्या आत्याबाई विचारत होत्या, "दूध पुरायलंय का गं तुला?"

"पुरतंय की," त्रिवेणीचा आवाज आला. "दुसऱ्याचं लागलंच न्हाई."

आवाज जरासुद्धा अडखळला नाही. नागुबाईंचं एक वेळ ठीक, त्या जुन्या वळणाच्या. पण हिनं? सुनैनाला आपल्या पोरीचं पेजेनं माखलेलं तोंड आठवलं आणि इतका संताप आला की डोळ्यांतून पाणीच आलं.

बाळ झोपलं. नागुबाईंनी हात पुढे केले, पण तिनं दिलं नाही. भिजल्या पदरानिशी ती सरळ बैठकीत गेली. पाळणा म्हणणाऱ्या बायकांनी सरकून वाट दिली. तिनं बाळ त्रिवेणीच्या मांडीवर ठेवलं.

"पोट भरलंय त्याचं. पुन्हा भूक लागली की बोलाव. पुढच्या दारानं."

त्रिवेणीनं खाली बघत बाळाचं दुपटं सारखं केलं.

दिवेलागणीला बाळ पुन्हा रडायला लागलं. सुनैना पुढचं दार सताड उघडून उंबऱ्यात बसली.

कडी वाजली ती मागचीच.