पन्हळीपुरतं सुकाणू

सकाळपासून इनॉक ट्रँटर पोरीला विचारत होता, "तू कुणाची गं?" आणि दर वेळी केझाया म्हणत होती, "तुमचीच. दुसरं कोण ठेवून घेणार मला?" यावर तो हसायचा. हसणं तेवढं जुनं उरलं होतं.

त्याच्या कमरेला कातडी पट्टा होता आणि पट्ट्याचं दुसरं टोक बोटीच्या धुराड्याजवळच्या कडीत अडकवलेलं. पट्टा त्यानंच शिवलेला, रांगती केझाया पाण्यात पडू नये म्हणून. कालव्यावरची लेकरं अशीच बांधून वाढतात. पुढे केझायानं त्याला नवी भोकं पाडून तो बापाच्या मापाचा केला, तेव्हा तिला वाटलं होतं, आता रडू येईल. आलं नाही. हात कामात होते.

मागच्या हिवाळ्यापासून बोट तीच चालवत होती. धुकं, बापाचा जुना कोट आणि कपाळावर ओढलेली टोपी, एवढ्यावर निभावून नेलं. पण कालव्यावर बातमी घोड्याच्या पुढे धावते. काल समोरून आलेल्या बोटीवरून सेलिना म्हातारी ओरडली होती, "केझ, उद्या धक्क्यावर मुकादम इद्रिस स्वतः उभा राहणार आहे गं! इनॉक बोट आत कशी घेतो ते बघून ये म्हणालेत त्याला कंपनीवाले!"

बोट कंपनीची, इनॉकच्या नावावर दिलेली. त्याला ती हाकता येत नाही असं दिसलं की दुसऱ्या कुटुंबाला जाणार, आणि बोटीबरोबर चूल, अंथरूण, डोक्यावरचं छप्पर. केझायाला कुणाच्या तरी घरी मोलकरणीचं काम मिळालं असतं. बापाला मिळाली असती गावच्या गरीबखान्यात, पुरुषांच्या दालनात, एक खाट. खाली पाणी हलत नाही म्हणून तो रात्रभर जागा राहिला असता, आणि "तू कुणाची" विचारायला समोर कुणी नसतं.

तिच्याकडे एकच डाव उरला होता. पन्हळ.

नदीवरून कालवा नेणाऱ्या लोखंडी पुलाला बोटीवरची माणसं पन्हळ म्हणतात. उंच दगडी खांबांवर ठेवलेली, बोटीहून जेमतेम रुंद. एका अंगाला घोड्याची वाट आणि कठडा. दुसऱ्या अंगाला पाण्याच्या वर वीतभर काठ, आणि त्यापलीकडे थेट दरी. पण बोटीला इकडेतिकडे जायला जागाच नाही, त्यामुळे सुकाणूवर कुणीही चालतं. कालव्यावरच्या पोरांच्या हाती पहिल्यांदा सुकाणू देतात ते इथेच. धक्का पलीकडच्या टोकालाच, इद्रिस तिथून लांबूनच बघेल, केझायानं हिशेब केला होता. बाबा रुबाबात येताना दिसतील. पन्हळ संपता संपता आपण बोटीवर चढायचं आणि सुकाणूचा दांडा हातात घ्यायचा.

"बाबा, पन्हळ आली. सुकाणू घ्या."

"मग इतका वेळ कोण घेऊन बसलं होतं?"

"मीच. उसनं घेतलं होतं."

"आणि हे काय? कप्तानाला बांधलंय कुणी?"

तिनं पट्टा सोडला. "त्या अंगाला पाय टाकू नका हं, बाबा."

"मला शिकवतेस? अगं, तुझ्या जन्माआधीपासून मी या..." पुढचं वाक्य त्याला सापडलं नाही.

केझाया वाटेवर उतरली आणि तिनं बोट ओढणाऱ्या ब्लॉसम घोडीचा लगाम धरला. कोळशानं भरलेली बोट, त्यात पन्हळीतलं अडलेलं पाणी. घोडी मान खाली घालून ओढत होती. केझाया पुन्हा पुन्हा मागे बघत होती. म्हातारा ताठ उभा होता, टोपी मागे सारलेली, दांडा काखेजवळ.

"घोडीला घाई करू नकोस, केझाया! पाण्याला मागे सरायला वेळ दे!"

नावानं हाक. हिवाळ्यापासून पहिल्यांदा. आशा नको, तिनं स्वतःला बजावलं. तरी ती आलीच.

इद्रिस प्यू टोकावर थांबला नाही. अरुंद वाटेवरून तो समोरून चालत आला आणि त्यानं घोडीचा लगाम दुसऱ्या बाजूनं धरला.

"काय गं, आज राणीसाहेब पायी?"

"हाडं मोकळी करतेय. बाबा बघ की कसे उभे आहेत."

"झकास. पण पन्हळीत माझी सासूसुद्धा झकास बोट हाकेल. आणि तिला दिसत नाही."

केझाया हसली. न हसणं महागात पडलं असतं.

"मला पहिल्यांदा सुकाणू इनॉककाकांनीच दिलं," इद्रिस म्हणाला. "याच पन्हळीत. तोंडाशी आलो, डावीकडे वळायचं, म्हणून मी दांडा डावीकडे ढकलला. अशी कानाखाली बसली! 'जायचं असेल त्याच्या उलट ढकल, गाढवा. हे कळत नसेल तर मेंढ्या राख.'"

"इद्रिस, मला बोटीवर चढू दे."

"नको, केझ." त्याचा आवाज खाली आला. "मला बघावंच लागेल."

पन्हळ संपली. पुढे पाणी रुंद झालं. धक्का डावीकडे होता.

"डावीकडे!" इनॉक खुशीत ओरडला, आणि त्यानं सगळा भार टाकून दांडा डावीकडे ढकलला.

भरलेली बोट थांबवून थांबत नाही. तिचं नाक संथपणे उजवीकडे गेलं आणि दगडी कोपऱ्यावर आदळलं. कोळसा घरंगळून पाण्यात पडला. आत कुठेतरी किटली कलंडली. ब्लॉसम आपणहून उभी राहिली.

इनॉक दांड्याकडे बघत होता. मग आपल्या हाताकडे. त्यानं धुराड्यापाशी चाचपडून पट्टा शोधला, कमरेभोवती घेतला, पण बक्कल काही त्याला जमेना. केझाया बोटीवर चढली तेव्हा तो दोन्ही टोकं तिच्यासमोर धरून उभा होता.

"बांध," तो म्हणाला.

तिनं बांधलं.

काठावर इद्रिसनं टोपी काढली होती. "आजची रात्र राहा बोटीवर," तो म्हणाला. "मी उद्या सांगेन कंपनीवाल्यांना."

"आणि उद्या?"

इद्रिस टोपीची कड चाचपत राहिला.

इनॉकनं केझायाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, अगदी मायेनं. "तू कुणाची गं?"

"तुमचीच," ती म्हणाली. नेहमीचं पुढचं वाक्य ती बोलली नाही.