तीनशे सात खांबांचा रस्ता

“घाई करायची नाही. खांब बघत बघत जायचं. मोठा रस्ता आडवा आला तर ओलांडायचा, त्याला लागायचं नाही.”

काकांना जाऊन दहा महिने झाले, तरी हा आवाज काकूंच्या कानातून हलत नव्हता. शिवणयंत्राचं पायडल थांबलं रे थांबलं की तो सुरू. इस्पितळातल्या शेवटच्या आठवड्यात, नाकात नळी असताना ते हे बोलले होते, आणि तेही कोपऱ्यावरच्या दुकानाचा पत्ता सांगावा इतक्या सहज.

“बरे व्हा, दोघं जाऊ,” काकू म्हणाल्या होत्या.

“आणि नाही झालो तर?”

“तर मी जाईन.”

“नक्की? की गणवेश राहिलेत म्हणशील?”

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवून देवाची शपथ घेतली होती. सकाळचा जप झाल्याशिवाय पाण्याचा घोटही न घेणारी ती बाई. तिच्या तोंडची शपथ किती वजनाची, ते काकांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटले होते आणि किंचित हसले होते.

गल्लीत त्यांना गणवेशवाल्या काकू म्हणत. शाळेचे सदरे, शाळेचे झगे, त्यातच उभा जन्म गेला. काका टेलिफोन खात्यात तारा दुरुस्त करणारे. दर मंगळवारी खात्याच्या गाडीने आडगावांकडची लाईन बघायला जायचे आणि घरी येऊन त्या रस्त्याचं कौतुक सांगत बसायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी मोटरसायकल घासूनपुसून नवी केली. तिला ते फटफटीच म्हणत. मग दर वर्षी एक बेत ठरायचा: दोघांनी फटफटीवरून त्या आडवाटेने जायचं, दोन दिवस, गावागावांतून, रमतगमत. वहीत नवं पान निघायचं. आणि काकू म्हणायच्या, “शाळा सुरू होऊन जाऊ दे.” शाळा सुरू झाली की खेळाचे कपडे यायचे, ते संपले की स्नेहसंमेलनाचे. अकरा वर्षं, अकरा पानं. काका कधी चिडले नाहीत. वही मिटायचे आणि बागेला पाणी घालायला जायचे.

आता लेकीला दूरच्या इस्पितळात परिचारिकेची नोकरी लागली होती. नऊ दिवसांनी ती निघणार होती आणि फटफटी चालवता येणारं घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. इकडे दीडशे सदरे शिवायचे बाकी होते. तरीही काकूंनी त्या दिवशी कापड बाजूला सारलं आणि कापायच्या टेबलावर वही उघडली.

“शुक्रवारी सुट्टी आहे तुला?”

लेक बघतच राहिली. “आई, ताप आलाय का? सदरे कोण शिवणार, मी? मला टाके घालता येतात, पण माणसांना.”

“चहाटळपणा पुरे. रस्ता वाच.”

लेकीने पान वाचलं आणि कपाळावर हात मारला. अकराही पानांवर एकच रस्ता होता, पण काय रस्ता! ‘एकशे बाराला डावीकडे. एकशे चौऱ्याऐंशीपासून उतार, दमानं. दोनशे साठला पाणी पिणे. तीनशे सात. पोहोचलो.’ गावाचं नाव नाही, देवळाची खूण नाही. नुसते टेलिफोनच्या खांबांचे आकडे.

“आई, हे खांब काढून सहा वर्षं झाली! तारा सगळ्या जमिनीखाली गेल्या.”

खांब काढले तेव्हा काका निवृत्त होऊन घरी होते. बातमी त्यांनीच पेपरात मोठ्याने वाचून दाखवली होती. पण त्यांच्या मनातले खांब कोण उपटणार? ते दर वर्षी तेच आकडे नव्या शाईने लिहीत राहिले.

“भाड्याच्या गाडीनं नेते ना तुला,” लेक हळूच म्हणाली. “मोठ्या रस्त्यानं दोन तासांत कुठंतरी छानशा ठिकाणी...”

“कुठंतरी नाही जायचं मला.”

रस्ता माहीत असलेलं एकच माणूस उरलं होतं. ते म्हणजे शिडीभाऊ. काका खांबावर, हे खाली शिडी धरून, तीस वर्षं. आता दोन्ही गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ते लोखंडी खाटेवरच असत. दोघी गेल्या तेव्हा ते दाढी करवून घेऊन, स्वच्छ सदरा घालून बसले होते.

“या वहिनी. सदऱ्याची कॉलर बघू नका, तुमच्या हातची नाही.”

“दिसतंय ते, भाऊजी,” काकू म्हणाल्या, आणि कित्येक दिवसांनी हसल्या.

लेक आकडा वाचायची. शिडीभाऊ डोळे मिटून खाटेचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरायचे, शिडीच धरल्यासारखा, आणि मग त्यांना आठवायचं.

“एकशे बारा? गांधीलमाश्यांचं पोळं होतं तिथं! तुझा बाप वर आणि मी शिडी सोडून पळालो. दोन महिने बोलला नाही माझ्याशी.”

“बरोबरच आहे त्यांचं. शिडीकाका, पण खूण काय?”

“ओढ्यावरचा दगडी पूल. पूल संपला की डावीकडे.”

लेक प्रत्येक आकड्यापुढे लिहीत गेली. वीटभट्टीचं धुराडं. जुळी चिंचेची झाडं. पडक्या शाळेची घंटा. तासाभरात वहीतला रस्ता पुन्हा रस्त्यासारखा दिसायला लागला. दोनशे साठपर्यंत आले आणि शिडीभाऊंनी दांडा सोडला.

“त्यापुढचं मला नाही सांगता यायचं. मी तिथं झाडाखाली आडवा व्हायचो. पुढं तो एकटाच जायचा.”

“एकटेच? एवढं काय काम असायचं तिकडे?” काकूंनी विचारलं.

“काम कसलं, वहिनी? लाईन दोनशे साठलाच तपासून व्हायची. तीनशे सातला तो तुम्हाला फोन लावायला जायचा.”

काकूंनी पदराचं टोक हातात घेतलं.

दर मंगळवारी भर दुपारी घरचा फोन वाजायचा. काका कमरेचा तपासणीचा फोन तारेला जोडून बोलायचे, “लाईन बघतोय. ऐकू येतंय ना?” आणि त्या म्हणायच्या, “येतंय. ठेवा, हातात कापड आहे.” एवढंच. वर्षानुवर्षं एवढंच.

“मी म्हणायचो, अरे इथूनच लाव की! भर उन्हात मैलभर कशाला तंगडतोड? तर म्हणायचा, इथून नाही. तिथून तळं दिसतं, तिच्याशी बोलताना तळं दिसलं की बरं वाटतं.” शिडीभाऊंनी काकूंकडे पाहिलं. “तळ्याबद्दल तुम्हाला कधी काही बोलला असेल ना?”

“बोलू कुठं दिलं मी,” काकू म्हणाल्या आणि पदराच्या टोकाची घडी घालत राहिल्या. घातलेली मोडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

घरी येताना लेक म्हणाली, “दोनशे साठपर्यंत तरी जाऊ, आई. तेवढा रस्ता पक्का आहे.” काकूंनी मान हलवली. हो की नाही, ते तिला कळलं नाही.

गुरुवारी सकाळी फोन आला. शाळेच्या भांडारातले साहेब. सदरे सोमवारऐवजी शनिवारी सकाळीच हवे होते. काकूंच्या तोंडून सवयीनं गेलं, “हो, देते की.” रिसीव्हर ठेवल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो.

लेक दारात उभी होती, हातात फटफटी पुसायचं फडकं. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तिने नुसती टेबलावरची वही मिटली, जागेवर ठेवली आणि ती बाहेर गेली. बागेचा नळ सोडल्याचा आवाज आला. हुबेहूब बाप.

त्या देवापुढे जाऊन बसल्या. जपमाळ हातात घेतली, पण दोन मण्यांपुढे बोट सरकेना. एवढी वर्षं नेम सांभाळला, एक दिवस चुकवला नाही. देवाने कधी काही मागितलं नाही. त्या माणसाने मागितलं होतं, तेही दर वर्षी, हसत हसत, वहीच्या पानावर लिहून. देवाला दिलेला वेळ कुणी हिरावला नव्हता. नवऱ्याला द्यायचा होता तो मात्र आपणच शाळेच्या बटणांना देऊन टाकला. रडू आलं ते त्यांनी अडवलं नाही. देवघरात कोण बघतंय?

मग उठल्या, तोंड धुतलं आणि फोन फिरवला.

“साहेब, मघाशी चुकून हो म्हणाले. शनिवारी होणार नाही. सोमवार ठरला होता, सोमवारीच मिळतील.”

“काकू, तुम्ही नाही म्हणताय? तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे. मला बाहेर जायचंय.”

इतकं साधं वाक्य. आयुष्यात पहिल्यांदा बोलल्या आणि बोलून झाल्यावर त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. पलीकडे साहेब चार शब्द रागाचे बोलले, पुढच्या वर्षी दुसरीकडे काम देऊ म्हणाले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि “बरं” म्हणून फोन ठेवला. नळ बंद झाला होता. लेक ओल्या हातांनी खिडकीशी उभी होती.

“आई, शेवटचे सत्तेचाळीस खांब?”

“रस्त्यात माणसं राहत असतील. तळं कुठंय म्हणून विचारू. तोंड दिलंय देवानं.”

“आणि तळं आटलं असेल तर?”

याचा विचार काकूंनी केला नव्हता.

“आटलं असेल तर आटलेलं बघू. पण यावेळी बघू.”

शुक्रवारी जप झाला तेव्हा उजाडत होतं. यंत्रावर कापड टाकून काकूंनी दार ओढून घेतलं. शेजारची बाळंतीण नुकती कुठे झोपली असेल म्हणून लेकीने फटफटी सुरू केली नाही. दोघी ती हाताने ढकलत निघाल्या, लेक पुढून, काकू मागून सीटला हात लावून. दमायला झालं. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर लेकीने किक मारायला पाय उचलला.

“बस. आणि मला घट्ट धर. लाजू नकोस.”

“धरलंय,” काकू म्हणाल्या. “चल.”