अकरा दिवस कोरी राहिलेली ओळ

मित्रांनो, लाँड्रीतल्या मोठ्या मशीनशेजारी खिळ्याला सुतळीने टांगलेली जाड पुठ्ठ्याची जुनी वही म्हणजे मी. ओल्या हातांनी हाताळून माझ्या कडा फुगल्या आहेत आणि अंगाला कायम साबणाचा वास येतो. माझी गोष्ट सांगते, पण आधीच बजावते, शेवट गोड नाही.

माझा जन्म वह्या बांधण्याच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने मला दुहेरी दोऱ्याने शिवलं आणि पाठीवर थोपटून तो म्हणाला, "ही काही लवकर उसवायची नाही." दवाखान्यांतून येणाऱ्या चादरी मोजून लिहायला मला लाँड्रीत आणलं. पण तिसऱ्याच दिवशी माझं नशीब पालटलं.

त्याचं असं झालं. मशीन सांभाळणाऱ्या साहेबाला इंग्रजीखेरीज काही येत नव्हतं आणि बायकांना इंग्रजी जेमतेम. इस्त्रीच्या रोलरची उष्णता कमी करायला साहेब ओरडला, "टर्न डाउन!" रोलरवरच्या बाईला 'टर्न', म्हणजे उलट, तेवढं कळलं. तिने भराभर चादरी उलटून घातल्या. चाळीस चादरी करपल्या. तेव्हा मुकादमीण पुढे आली. सगळ्या बायकांवर देखरेख करणारी ही बाई, आवाज खणखणीत, जीभ तिखट, पण मनाने भली. तिने मला ओढलं आणि चुकलेल्या बाईच्या हातात पेन दिलं.

"लिही. 'टर्न डाउन' म्हणजे कमी कर. खाली तारीख टाक, सही कर. चुकलीस त्यात लाजायचं काय? लपवलीस तर मात्र माझ्याशी गाठ आहे!"

तो तिथला नियमच झाला. जिची चूक, तिनेच लिहायची, आणि त्याच दिवशी. एकदा साहेब म्हणाला, साबण 'रन आउट' झालाय. एक बाई ते ऐकून जी धावत सुटली, तिच्यामागे आग लागली समजून अख्खी पाळी अंगणात! साबण संपला होता, बस्स. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती ओळही माझ्यात आली. मुकादमीण सांगायची, "अगं, पुढच्या शब्दावर भुलू नका, मागची शेपटी बघा. 'ऑन', 'ऑफ', 'आउट', 'डाउन'. सगळा घोळ त्या शेपटीत असतो." रोज सकाळी मशीन सुरू होण्याआधी बायका माझ्या ओळी मोठ्याने म्हणायच्या. परगावच्या लाँड्रीवाल्यांनी येऊन माझ्या ओळी उतरवून नेल्या. खोटं कशाला बोलू, मला जरा गर्वच झाला होता.

पण मित्रांनो, माझी एकेक ओळ कुणाच्या तरी नुकसानीतून आली होती. ओळी वाढल्या तसं नुकसानही वाढत गेलं. आधी चादरी गेल्या, मग कुणाचं नख, मग एकीचं बोट चेपलं. 

मग जुना साहेब गेला आणि नवा आला. मशीनमध्ये वाफ शिल्लक असली की जुना साहेब 'वेट', म्हणजे थांब, म्हणायचा. नव्या साहेबाची बोली निराळी होती. एका सोमवारी दुपारी, बाकीच्या बायका जेवायला गेलेल्या असताना, मुकादमीण मशीनच्या गोल दाराकडे गेली. साहेब पलीकडून ओरडला, "होल्ड ऑफ!" म्हणजे थांब, अजून हात लावू नकोस. ती घाईत होती. तिने 'होल्ड', म्हणजे धर, एवढंच ऐकलं आणि दाराची मूठ गच्च धरली. दाराच्या फटीतून वाफेचा झोत आला आणि कोपराखाली तिचा हात भाजला. साहेब धावत आला, तर ती "ओके, ओके" म्हणत बाही खाली ओढून मोकळी झाली.

नंतर ती माझ्यापाशी आली. मला उघडलं. टोपण काढलं. पंधरा वर्षांत तिच्या सहीची एकही ओळ माझ्यात नव्हती आणि हे ती सगळ्यांना अभिमानाने सांगायची. शिवाय गुरुवारपासून तिची सख्खी भाची कामावर येणार होती. तिच्यासमोर पहिल्याच दिवशी मावशीची चूक वाचली जाणार! पेन कागदाला टेकलं, एक ठिपका उमटला. "उद्या लिहीन," असं पुटपुटून तिने मला मिटलं.

तो उद्या उगवलाच नाही.

भाची आली. आठ महिन्यांचं बाळ शेजारणीकडे ठेवून यायची बिचारी. मन लावून काम करायची आणि दुपारच्या सुट्टीत मला मांडीवर घेऊन पाठ करायची. आठवड्याभरात ती मला कोळून प्यायली. "मावशी, यातलं काहीही विचार," ती म्हणाली. मावशीने विचारलं, तिने घडाघडा सांगितलं. मुकादमीण हसली, पण बाही तिने मनगटापर्यंत ओढलेलीच ठेवली होती. माझा जीव तळमळत होता. मला तोंड असतं तर मी त्या ठिपक्यापाशी किंचाळले असते. त्या पोरीचा माझ्यावर पुरता विश्वास बसला होता. जे धोक्याचं आहे ते वहीत असणारच, असं ती धरून चालली होती.

त्या सोमवारनंतरच्या अकराव्या दिवशी ती मशीनच्या दाराकडे वळली. साहेब ओरडला, "होल्ड ऑफ!" मुकादमीण तेव्हा गोदामात होती. भाचीने आज्ञा पाळली, अगदी मनापासून. दोन्ही हातांनी मूठ धरली, दार निसटून उघडलं आणि आतली सगळी वाफ तिच्या हातांवर आली.

ती किंकाळी मी अजून विसरले नाही.

त्या संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मुकादमिणीने माझ्यात ओळ लिहिली. जुन्या ठिपक्यापासूनच तिने सुरुवात केली.

दीड महिन्याने भाची आली. दोन्ही पंजे पट्ट्यांत. बायका गोळा झाल्या. ती म्हणाली, "माझी ओळ राहिलीय. मी सांगते, कुणीतरी लिहा."

"लिहिलीय मी," मुकादमीण म्हणाली आणि तिने मला भाचीसमोर धरलं.

भाचीने मोठ्याने वाचलं. "'होल्ड ऑफ' म्हणजे थांब, हात लावू नकोस." मग ती अडखळली. "मावशी, तारीख चुकली बघ. तेव्हा मी कामाला लागलेच नव्हते. आणि ही सही तर..."

 मुकादमिणीने सगळ्यांदेखत बाही वर केली. भाजल्याचा डाग आता तांबूस दिसत होता.

 भाची त्या हाताकडे बघत राहिली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण ती हळूच म्हणाली, "लिहिली असतीस तर मी पाठ केली असती गं."

मित्रांनो, माझी पानं जपा असं मी म्हणणार नाही. मी आज ना उद्या फाटणारच. चुकलात तर लिहा, त्याच दिवशी लिहा, आपल्या सहीने लिहा. लोक हसले तर हसू द्या. आजही लाँड्री सुटली की मुकादमीण भाचीच्या शेजारणीकडे जाते, बाळाला उचलते आणि त्याच्या आईच्या मांडीवर ठेवते. त्या दोन हातांना ते अजून उचलता येत नाही.