ओटिसची ओली दाढी

माळावर तळ टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ओटिस भटकून परत आला तेव्हा त्याची दाढी ओली होती.

लॉरेल हॅगस्ट्रॉम त्या वेळी कॅमेऱ्याला डोळा लावून उभी होती. ऊन नुकतंच डोंगरावर चढत होतं आणि घळींमधल्या सावल्या बघता बघता आखडत होत्या. अशा वेळी ती कुणाकडे लक्ष देत नसे. ओटिसने सवयीप्रमाणे येऊन तोंड तिच्या गुडघ्याला घासलं, आणि तिची विजार गार झाली. तिने खाली हात नेला. दाढीचे राखाडी केस थेंब धरून होते. बोटं नाकाशी नेली तर शेवाळाचा वास.

"कुठं गेला होतास रे?" तिने विचारलं. ओटिस शेपटी हलवून गाडीच्या सावलीत जाऊन पडला.

डोंगर तसेच टाकून ती त्याच्याकडे बघत राहिली. ॲरिझोनाच्या या पश्चिमेकडच्या माळावर नोव्हेंबरपासून पावसाचा टिपूस नव्हता, आणि आता मार्च लागला होता. सगळ्यात जवळचा नळ अठ्ठावीस मैलांवर, कॅलोमा गावच्या पेट्रोल पंपावर. तिच्या घरगाडीच्या टाकीत चाळीस गॅलन मावत, त्यातलं एकेक भांडं ती मोजून वापरी. तिने नकाशा उघडून बघितला. त्यावर ओढे होते, पण सगळे कोरडे.

लॉरेल त्रेसष्ट वर्षांची होती. उत्तरेकडे मिनेसोटातल्या डुलुथ गावी, थंडीत गोठणाऱ्या सरोवराकाठी, एका हॉस्पिटलात तिने एकतीस वर्षं एक्स-रे काढले. निवृत्त झाल्यावर घर विकलं, एक जुनी घरगाडी घेतली, अनाथ कुत्र्यांच्या आश्रमातून ओटिसला आणलं, आणि वाळवंटांचे फोटो काढत फिरू लागली. हा तिचा चौथा हिवाळा. ओटिस अर्धा टेरियर आणि अर्धा कोण ते देवाला ठाऊक. पुढच्या उजव्या पायाचं एक बोट त्याने आधीच्या कुठल्या तरी आयुष्यात गमावलं होतं. धाकटी बहीण फोनवर दर रविवारी विचारायची, "दगडांचे आणखी किती फोटो काढणार आहेस?" लॉरेल म्हणायची, "माणसांच्या हाडांचे काढत होते तेव्हा नाही विचारलंस."

चौथ्या दिवशीही दाढी ओली. पाचव्या दिवशी पोटालाही चिखल.

अर्ध्या मैलावर एका जुन्या शाळेच्या बसमध्ये व्हर्जिल राहायचा. गेले नऊ हिवाळे तो इथे येत होता आणि या माळावरचं आपल्याला ठाऊक नाही असं काही नाही, अशी त्याची समजूत होती. लॉरेल त्याच्याकडे गेली.

"इथं पाणी?" व्हर्जिल खुर्चीतून न उठता म्हणाला. "बाई, इथं सरडेसुद्धा पाण्याच्या नुसत्या गप्पा मारतात."

"मग हा कुठून भिजून येतो?"

"माझ्या बादलीतून पीत नाही, एवढं शपथेवर सांगतो. त्यालाच विचार ना."

विचारायचा एकच मार्ग होता, मागोमाग जाण्याचा. सहाव्या दिवशी लॉरेलने कॅमेरा गाडीत ठेवला आणि ओटिस निघाला तशी त्याच्या पाठोपाठ निघाली. ओटिसला वाटलं, आज दोघं फिरायला चाललोय. तो खूश होऊन वळला आणि तिच्या पावलाशी चालायला लागला. ती थांबली की तो थांबे. ती बसली तर शेजारी बसून तिच्याकडे बघत राही, म्हणजे पुढचा बेत काय ते सांग. तासभर दोघांनी एकमेकांच्या मागे जायची वाट बघितली आणि कोरड्या तोंडाने परत आली.

त्या संध्याकाळी तिला युक्ती सुचली. तिच्याकडे काडेपेटीएवढा एक कॅमेरा होता, दर दहा सेकंदांनी आपोआप फोटो काढणारा. दुसऱ्या दिवशी तो तिने ओटिसच्या पट्ट्याला बांधला आणि स्वतः नेहमीसारखी ट्रायपॉडशी उभी राहिली. ओटिस गेला. दीड तासाने आला, दाढी ओली करून.

फोटो बघायला ती गाडीतल्या घडीच्या टेबलाशी बसली. बहुतेक सगळे वाया गेलेले. कुठे नुसतं आभाळ, कुठे काटेरी झुडपाचं बूड, कुठे ओटिसची स्वतःचीच हनुवटी. पण तिने आयुष्यभर अंधुक चित्रांमध्येच डोळे घातले होते. एका फोटोत खालचा अर्धा भाग फिका करडा आणि गुळगुळीत होता, उतरता. एवढा गुळगुळीत दगड तिने या प्रदेशात पाहिला नव्हता. त्याच्या वर ठार काळोख. त्याआधीच्या एका फोटोत क्षितिजाचा तुकडा आला होता, त्यात दोन सुळक्यांमध्ये एक खाच, दाढांमधल्या फटीसारखी. आणि ओटिसची सावली पुढे, जरा डावीकडे पडलेली.

सकाळची वेळ, म्हणजे सावली पश्चिमेला. ती डावीकडे पुढे दिसते, म्हणजे स्वारी वायव्येला चाललेली. लॉरेलने आपले गेल्या आठवड्यातले डोंगरांचे फोटो काढून एकेक पडताळला. तळावरून ती खाच दिसत नव्हती, पुढचा सुळका तिला झाकत होता. म्हणजे वायव्येला चालत राहायचं, आणि खाच उघडेल तिथं थांबायचं. तिला हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरची आठवण झाली. तो म्हणायचा, हॅगस्ट्रॉमबाईंना सावली दाखवा, त्या माणूस सांगतील.

दुसऱ्या दिवशी ती ओटिसला घेऊन निघाली, आणि या खेपेला पुढे ती होती. पाऊण मैल गेल्यावर सुळका बाजूला सरकला आणि खाच दिसली. समोर एक ठेंगणा उंचवटा, त्यामागे कोरडा ओढा. ओढ्याच्या काठाला लोखंडी नळ्यांचं कुंपण होतं. रानगाढवं आत येऊ नयेत इतकं घट्ट, पण शेळीएवढं जनावर मधून शिरेल आणि कुत्रा खालून सहज जाईल असं. ओटिस गेला. लॉरेल पोटावर सरपटत गेली.

आत सिमेंटची मोठी फरशी होती, दोन खोल्यांएवढी, उतरती. उताराच्या टोकाला जमिनीत बसकं, रुंद तोंड. ती ओणवी झाली तर चेहऱ्यावर गार हवा आली. आतली जमीनही उतरत गेली होती आणि खाली काळं, स्थिर पाणी होतं. फरशीवर पडेल तो पाऊस वाहून या टाक्यात साठत असणार. झाकलेलं असल्याने उन्हाने आटतही नसणार. कडेला सिमेंट ओलं असताना कुणी आकडे कोरले होते, १९५८. ओल्या मातीत लावा पक्ष्यांच्या पायांची नक्षी, मधमाश्यांची गुणगुण. ओटिस ऐटीत पाणी प्यायला आणि जागेचा मालक असल्यासारखा फरशीवर बसला.

लॉरेल तासभर फोटो काढत होती. मग मोटारीचा आवाज आला.

एक धुळकट पिकअप थांबली आणि गवती टोपी घातलेली एक बारीकशी म्हातारी उतरली. फाटकाचं कुलूप काढून आत आली. लॉरेलकडे तिने पाहिलंही नाही. ती थेट ओटिससमोर गुडघ्यावर बसली आणि त्याचा पुढचा उजवा पाय उचलून बघितला.

"हं," ती म्हणाली. "एक बोट कमी."

"मी आणला त्याआधीच गेलंय," लॉरेल म्हणाली.

"पाच दिवस मी डोकं खाजवतेय. कोल्हा म्हणावं तर चाल कोल्ह्याची नाही. या वयात मला जमिनीवर पालथी पडून पावलांचे ठसे मोजायला लावले याने." मग तिने वर बघितलं. "हे ध्यान तुमचं का?"

"माझंच. आम्ही दोघं एकमेकांचे."

तिचं नाव ओफेलिया बाएसा. वय चौऱ्याहत्तर, कॅलोमाची. वन्यप्राणी खात्याने बांधलेली असली अकरा टाकी त्या भागात होती, आणि त्यांची देखभाल ती तेवीस वर्षं बिनपगारी करत होती. आधी नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर एकटी. हे पाणी रानमेंढ्यांसाठी. मोठ्या शिंगांचे नर वर कड्यांवरच राहत. पण नुकत्याच व्यालेल्या माद्यांना पाणी लागे आणि त्या रोज इथे उतरत.

"रोज उतरायच्या," ती म्हणाली. "गेले पाच दिवस मेंढीचं एक पाऊल नाही. काय बिनसलंय कळेना, म्हणून चार दिवसांपूर्वी तो लावला." तिने कुंपणाच्या खांबाकडे बोट दाखवलं. तिथे एक हिरवट डबी बांधलेली होती. समोर काही हललं की फोटो काढणारा कॅमेरा.

ओफेलियाने त्यातलं कार्ड काढलं आणि पिकअपच्या टपावर जुना लॅपटॉप उघडला. दोघी वाकून बघू लागल्या. लावे. मधमाश्या. ओटिस. ससा. ओटिस. फरशीवर आरामात बसलेला ओटिस, एकदा, दोनदा, तीन सकाळी.

"मेंढ्या नाहीतच," ओफेलिया म्हणाली. "बघा, कुठंच नाहीत."

लॉरेलने एक फोटो मोठा केला. ओटिसच्या मागे, दूर कड्यावर, खडकांच्या रंगाचे ठिपके होते. ओफेलियाच्या डोळ्यांना ते खडकच वाटले होते. लॉरेल बघताक्षणी समजली, आणि क्षणभर तिला वाटलं की बोलू नये.

"इथं," तिने बोट ठेवलं. "ही इथं. या दोन. ही आडवी उभी आहे, आणि तिच्या पोटाखाली पिल्लू." मग ती पुढच्या फोटोवर गेली. "दुसऱ्या दिवशीही आहेत. त्याच्याकडे बघत उभ्या आहेत. रोज येतायत. हा उठायची वाट बघतात आणि परत जातात."

ओफेलिया पुन्हा पहिल्या फोटोपासून एकेक ठिपका तपासत गेली. लॉरेलचे कान तापले होते. ओटिस खाली तिच्या बुटावर हनुवटी टेकून पडला होता.

"मी आजच तळ हलवते," लॉरेल म्हणाली. "मला खरंच कल्पना नव्हती."

"त्याला होती का?" ओफेलिया म्हणाली. "तहान लागली, प्यायला. तुमच्याकडे भांड्यात पाणी नसतं का त्याच्या?"

"असतं. माझ्या भांड्यातलं आवडत नसावं."

"माझा नवराही तसाच होता. घरची कॉफी सोडून पंपावरची प्यायचा." ती पहिल्यांदा हसली. "गुरुवारी मला टाक्यातला गाळ काढायचाय. माझी पाठ आता ऐकत नाही. याल का? तो सोडून."

लॉरेलने त्याच दुपारी गाडी डोंगराच्या पलीकडे, सहा मैलांवर नेली. ओटिसला लांब दोरी बांधली. तो दोन दिवस तिच्याकडे पाठ करून बसला.

गुरुवारी त्याला व्हर्जिलच्या बसमध्ये ठेवून ती टाक्यावर गेली. "तर मग सरडे खरं बोलत होते," इतकंच व्हर्जिल म्हणाला. कुठलं पाणी ते मात्र तिने त्याला सांगितलं नाही. ओफेलियाने तशी अट घातली होती: जागा कुणाला सांगायची नाही, फोटोखाली लिहायची नाही.

दोघींनी सकाळभर गाळ उपसला. लॉरेल तोंडातून आत ओणवी, ओफेलिया बाहेर बादल्या ओतायला. अकराच्या सुमारास त्या ओढ्यात सावलीला बसल्या, तेव्हा लॉरेलला काठाच्या मातीत हाडं दिसली. बरीच जुनी, पांढरी पडलेली. तिने मागच्या पायाची एक नळी उचलली, झटकली, आणि उजेडात डोळ्यांजवळ धरली.

"काय झालं?" ओफेलियाने विचारलं.

"हा पाय मोडला होता." तिने मधोमध आलेली जाड गाठ बोटाने दाखवली. "तिरका मोडला आणि तिरकाच सांधला. कोवळ्या वयात मोडला असणार, कारण नंतर हाड वाढलंय. बघा, इथं घासून किती गुळगुळीत झालंय. कितीतरी वर्षं ही यावर चालली."

ओफेलियाने टोपी काढली. "मागचा डावा?"

लॉरेलने हाड फिरवून बघितलं. "डावाच."

"लंगडी," ओफेलिया म्हणाली. "माझी लंगडी. नऊ वर्षं ती इथं यायची. सगळ्यांच्या मागून उतरायची आणि सगळ्यांच्या आधी प्यायची. मग एका उन्हाळ्यात दिसेना. आम्ही म्हणायचो, तिला जन्मतःच व्यंग असेल, किंवा पहाडी सिंहाने धरली असेल. माझा नवरा तर पैज लावायचा माझ्याशी." ती हाड हातात घेऊन बसली. "पडली होती म्हणायची. पिल्लू असताना कड्यावरून पडली. आणि जगली."

"छान जगली," लॉरेल म्हणाली. "दातही दाखवते तुम्हाला. झिजून संपलेत. म्हातारी होऊन गेली ही."

जबडा सापडेपर्यंत दोघी तिथली माती चाळत राहिल्या. उरलेला गाळ तसाच राहिला आणि शुक्रवारी पुन्हा यावं लागलं.

मंगळवारी दुपारी, ओटिसला पुन्हा व्हर्जिलकडे ठेवून, दोघी पिकअपमध्ये बसून होत्या, टाक्यापासून बऱ्याच लांब. ओफेलियाने घावन गुंडाळावं तसे राजम्याचे बरीटो आणले होते, ॲल्युमिनियमच्या कागदात. दुर्बीण एकच होती, आळीपाळीने घ्यायची. तीन वाजून गेले तशी ओफेलिया जेवता जेवता थांबली आणि लॉरेलच्या दंडाला धरलं.

चार माद्या उतरत होत्या. चार पावलं चालायच्या आणि पाच मिनिटं उभ्या राहायच्या. शेवटची पिल्लाला घेऊन होती. कुंपणाजवळ येऊन पहिली थांबली, हवेत नाक वर केलं, बराच वेळ. मग नळ्यांमधून आत गेली.

लॉरेलने दोनशे फोटो काढले. एवढ्या लांबून त्यात करड्या रंगावर करडे ठिपकेच येणार हे तिला माहीत होतं.

पिल्लू आईच्या मागून त्या काळ्या तोंडापर्यंत गेलं. खुराने पाण्याला शिवलं, दचकून मागे उडालं, आणि दोन मेंढ्यांना धडकलं. मग पुन्हा गेलं.

"पुढच्या वर्षी याला वाट आठवेल का?" लॉरेलने कुजबुजत विचारलं. "आई नसली तरी?"

"काहींना आठवते. काहींना नाही. का ते मला तेवीस वर्षांत कळलेलं नाही."

"ओळखायचं कसं पण? तेव्हा ते मोठं झालेलं असेल."

"कानांवरून. प्रत्येकाचा कान वेगळा. लंगडीच्या कानाला खाच होती." ओफेलियाने दुर्बीण तिच्या हातात दिली. "बघ तू, तुझे डोळे चांगले आहेत. याच्या कानाला काय आहे?"

लॉरेलने काच फिरवून नेम धरला. पिल्लू एका जागी राहीना. या वसंतात ती उत्तरेला यूटाकडे जाणार होती, तसं बहिणीला रविवारी सांगूनही झालं होतं.

"थांब जरा," ती म्हणाली. "डावा दिसला. आता उजवा दिसू दे."